पाठमोरी पुस्तकं

इमारतीतून स्थानिक संस्कृती दिसली पाहिजे असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच : दर्शनी भागाला सिमेंटची महिरप आणि वर जमलं तर पगडी! वाहनतळाला पगडी घातलेली पाहण्याआधी डोळे मिटावेत, एवढीच माझी इच्छा होती.

अशा मन:स्थितीत भाचीने मला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत काय दाखवावं? सार्वजनिक ग्रंथालयाचा वाहनतळ! ‘मामा, बघ तरी,’ म्हणाली. बघतो तर रस्त्याच्या कडेला पुस्तकांचं फडताळ उभं. 22 पुस्तकं, नाव छापलेली पाठ रस्त्याकडे करून, ओळीने. एकेक पाठ सुमारे 25 फूट उंच, 9 फूट रुंद. 2004 साली उभारलेली. वाचकांनी नावं सुचवायची आणि ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी निवडायची, अशी रीत. त्यामुळे शेक्सपीअरच्या रांगेत खुद्द कॅन्सस सिटीच्या गोष्टीही ऐटीत उभ्या आहेत. हे मला फार आवडलं. ग्रंथालयाने पुस्तकं मिरवली. उगाच कुणाची पगडी उसनी आणली नाही.

आता खोड काढतोच. ही संस्कृती एका भिंतीपुरती. आत शिरलात की तेच खांब, तेच उतार, तोच धूर. कीटकनाशकांनी पाखरं मुकी होतात म्हणून 1962 साली कळवळून लिहिलेलं रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ त्याच भिंतीवर आहे! बाईंना नेमकी मोटारींच्या पुढ्यात जागा मिळाली.

पण हसता हसता मला आमची पुण्याची मंडई आठवली. तिथे 1915 साली सुरू झालेलं आर्यन टॉकीज होतं. मुकी चित्रं, मग बोलकी. 1983 साली ते बंद झालं आणि पुढे त्या जागी वाहनतळ आला. पडद्याच्या जागी आता कुणाची तरी स्कूटर उभी असेल. भिंतीवर भलं मोठं रीळ नको मला. पण एखादं जुनं पोस्टर चाललं असतं की नाही?

परवा रिक्षात बसलो. चालवणारा पंचविशीतला. म्हटलं, ‘मंडई.’

‘आर्यनपाशी सोडू का, काका?’

वाहनतळाच्या पाटीवर नाव दुसरंच आहे. त्याने टॉकीज पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, ‘सोड.’