बारव वरून बघायची नसते

वालूरच्या बारवेचा ड्रोन-फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. वालूर म्हणजे परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. दगडी पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे उतरतात आणि वरून पाहिलं की जमिनीत शंख कोरल्यासारखं दिसतं. पुण्यात नोकरी करताना माझ्या लॅपटॉपवर तोच वॉलपेपर होता. परभणीचा असून प्रत्यक्ष बारव बघितली नव्हती, हे कबूल.

पुढे बघितली, आणि फोटोवरचा विश्वास उडाला.

जुन्या वास्तुग्रंथांत बारवांची नावं प्रवेशांवरून आहेत. एका बाजूने उतरता येतं ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारही बाजूंनी विजया. म्हणजे माणूस कुठून येणार, यावरून वर्गवारी. ड्रोनची वर्गवारी निराळी: अंगठ्याएवढ्या चित्रात कोणता आकार उठून दिसतो. मग झाडोऱ्यात अर्धी ढासळलेली, आकार न उरलेली बारव कुणी शूट करत नाही. खाली उतरताना गार होत जाणारी हवा, भरलेली घागर घेऊन चढणाऱ्या बाईच्या गुडघ्याला लागणारी पायरीची उंची, यातलं काही त्या फ्रेममध्ये नाही. बहुतेकदा माणूसच नसतो.

अर्थात, फोटो नसते तर फावडीही उचलली गेली नसती. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेने कितीतरी बारवा नकाशावर आणल्या, गावोगावच्या लोकांनी त्या उपसल्या, २०२२ साली टपाल खात्याने बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली. हे घरबसल्या टीका करणाऱ्यांनी (म्हणजे मीसुद्धा) केलेलं नाही.

पण 'आधी' आणि 'नंतर'च्या रील्स बघताना मी नेहमी मधल्या कटवर अडकतो. आधी कचरा, नंतर स्वच्छ पाणी. मधला गाळ कुठे गेला?

आपल्या १०० रुपयांच्या नोटेवरची पाटणची 'रानी की वाव' आठवा. ती सरस्वती नदीच्या गाळाखाली गाडली गेली होती, १९८० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने मोकळी केली. तिची शिल्पं इतकी शाबूत राहिली ती त्या गाळामुळेच. आमच्या भाषेत सांगायचं तर गाळ ही लॉग फाइल आहे. वरच्या थरात गुटख्याच्या पुड्या, त्याखाली फुटक्या घागरी, आणखी खाली कदाचित नाणं, खापर, मूर्तीचा तुटका हात. कोणती वस्तू किती खोलीवर मिळाली, हे कळलं तरच त्या वस्तूला अर्थ. सगळं एकाच ट्रॉलीत भरलं की नाणं हातात राहतं, पण त्याची वेळ पुसली जाते. लॉग न वाचता कुणी सर्व्हर साफ केला, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये आम्ही त्याला सोडत नाही.

जिथे गाळ बराच जुना आहे तिथे हात घालण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवायला हवंच. बाकी ठिकाणी एक मोजपट्टी, काही रिकामी पोती आणि मार्कर पेन एवढ्यावर सुरुवात होते: दर फुटाचा ढीग वेगळा, पोत्यावर खोली लिहिलेली, प्रत्येक ढिगाचा मोबाइलवर एक फोटो. त्या फोटोंना लाइक्स पडणार नाहीत. चिखलाचे फोटो ते.