उंदराची साक्ष आणि तिच्या मर्यादा : अर्बुदरोधक जनुकांच्या संशोधनपद्धतीची चिकित्सा

बीजसंज्ञा : अर्बुदरोधक जनुके, नॉकआउट उंदीर, पी ५३, वंशभेद, मुखकर्करोग

प्रास्ताविक

पेशीविभाजनास आवर घालणाऱ्या, डीएनएला इजा झाल्यास दुरुस्ती होईपर्यंत पेशीस थोपवून धरणाऱ्या अथवा दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पेशीस मरणाकडे नेणाऱ्या जनुकांना अर्बुदरोधक जनुके असे म्हटले जाते. या जनुकांविषयी आज उपलब्ध असलेल्या ज्ञानाचा मोठा भाग उंदरावरील प्रयोगांतून आलेला आहे. भ्रूणीय मूलपेशीत एखादे जनुक निकामी करावयाचे, त्या पेशींपासून उंदरांच्या पिढ्या वाढवावयाच्या आणि त्यांना कोणती अर्बुदे होतात हे पाहावयाचे, अशी ही पद्धती होय. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सिद्ध झाली आणि तिच्यासाठी मारिओ कापेकी, मार्टिन एव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पदवी स्तरावरील अध्यापनात मात्र ही पद्धती बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते : जनुक काढले, कर्करोग झाला, म्हणून ते जनुक अर्बुदरोधक. या वाक्यात असत्य काही नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण निरुपद्रवी नाही. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

सिकलसेलची उपमा कोठे चुकते ?

राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेले काठी आणि एकूणच नंदुरबार जिल्ह्याचा सातपुडा परिसर यांच्या संदर्भात 'जनुकीय आजार' म्हणताच प्रथम आठवतो तो सिकलसेल. भिल्ल व पावरा समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. येथे एका जनुकातील एकच बदल आईवडिलांकडून मुलाकडे येतो. दोन्ही प्रती सदोष असल्यास आजार होतो, एकच सदोष असल्यास ती व्यक्ती केवळ वाहक राहते. ही मांडणी विद्यार्थ्याच्या मनात पक्की बसलेली असते. त्यावरच 'पी ५३ बिघडले की कर्करोग' हे वाक्य चढविले की कर्करोगही रक्तातून, घराण्यातून येतो असा समज सहज रुजतो. वस्तुतः ली-फ्राउमेनी लक्षणसमूहासारखी थोडी घराणी सोडल्यास पी ५३ मधील बदल जन्मतः नसतो. तो आयुष्यभरात एखाद्या अवयवातील एखाद्या पेशीत घडतो. तो घडविणारी कारणे पुष्कळदा शरीराबाहेरची असतात. समज चुकला की ही कारणेच दृष्टीआड होतात.

जाता जाता हेही नमूद करावयास हवे की, सिकलसेलचे उंदीर तयार करणेही सोपे नव्हते. १९९७ साली ते सिद्ध झाले तेव्हा उंदराची स्वतःची ग्लोबिन जनुके निकामी करून त्यांच्या जागी मानवी जनुके आणावी लागली होती. उंदीर मानवी रोग आपणहून दाखवीत नाही. त्यास तसे घडवावे लागते.

नुडसन यांचा सिद्धांत आणि उंदराचा नकार

अर्बुदरोधक जनुकांची कल्पना उंदरापासून निघाली नाही, ती मुलांपासून निघाली. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली दृष्टिपटलाच्या अर्बुदाच्या, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाच्या, ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादन केले की हा रोग होण्यास दोन आघात लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच झालेला असतो. १९८६ साली ते जनुक, आरबी, हाती लागले. १९९२ साली तीन प्रयोगशाळांनी ते उंदरात निकामी केले. अपेक्षा अशी की उंदराच्या डोळ्यात अर्बुद दिसावे. दोन्ही प्रती गमावलेली पिल्ले गर्भातच मेली. एक प्रत गमावलेले उंदीर जगले, वाढले आणि त्यांना अर्बुदे झाली ती पीयूषिका ग्रंथीत. डोळे निरोगी राहिले.

हा प्रयोग फसला असे म्हणावे काय ? त्या पीयूषिका-अर्बुदांत आरबीची उरलेली प्रतही नष्ट झालेली आढळली. म्हणजे नुडसन यांचा नियम खरा ठरला, चुकले ते केवळ अवयवाचे भाकीत. पुढे १९९८ साली आरबीबरोबर त्याचे भावंड शोभणारे पी १०७ हे जनुकही निकामी केल्यावर उंदराच्या दृष्टिपटलात अर्बुद उद्भवले. उंदराच्या डोळ्यात आरबी गेल्यावर पी १०७ त्याची जागा घेते. मुलाच्या डोळ्यात असा आधार पुरेसा मिळत नाही. दोन प्राण्यांतील हा भेद उंदराने 'नकार' दिला नसता तर कळलाच नसता. पाठ्यपुस्तके गाळतात तो नेमका हाच भाग. संशोधनातील विसंगती ही टीप म्हणून तळाशी टाकण्याची वस्तू नाही. या विषयात तर ज्ञानाचा मोठा वाटा तिच्यातच आहे.

पी ५३ : गेलेले जनुक आणि बिघडलेले जनुक

पी ५३ चा इतिहास अधिक वळणांचा. १९७९ साली सापडलेले हे प्रथिन दहा वर्षे कर्करोगकारक समजले गेले. १९८९च्या सुमारास ते उलट अर्बुदरोधक असल्याचे स्पष्ट झाले. १९९२ साली लॉरेन्स डोनहॉवर व सहकाऱ्यांनी पी ५३ विरहित उंदीर सादर केले. पिल्ले जन्मतः बहुतांशी सुदृढ होती, हे अनेकांस आश्चर्याचे वाटले. पण सहा महिन्यांच्या आत त्यांपैकी ७४ टक्के उंदरांना अर्बुदे झाली. जनुकाचे महत्त्व यापेक्षा ठळकपणे सिद्ध होणे कठीण.

तथापि ती अर्बुदे प्रामुख्याने लसीकापेशींची व मृदू ऊतींची होती. माणसात प्रौढ वयात होणारे कर्करोग बहुतांशी आवरण-ऊतींचे असतात : तोंड, स्तन, फुप्फुस, आतडे. या अंतराची किमान दोन कारणे पुढे आली. उंदराची टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, लांब असतात. ती आखूड केलेल्या उंदरांत पी ५३ ची एक प्रत कमी असता आवरण-ऊतींचे कर्करोग वाढतात, हे २००० साली रोनाल्ड डीपिन्हो यांच्या गटाने दाखविले. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. मानवी अर्बुदांत पी ५३ सहसा नाहीसे झालेले नसते. त्यातील एखादे अमिनो आम्ल बदललेले असते आणि बिघडलेले प्रथिन पेशीत साचत राहते. २००४ साली नेमके असे बदल घातलेले उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्यातील अर्बुदे जनुकविरहित उंदरांपेक्षा वेगळी वागली; ती इतरत्र पसरूही लागली. म्हणजे पहिल्या दशकातील प्रयोग एका अर्थाने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. पहारेकरी नसला तर काय होते, हे त्यांनी सांगितले. पहारेकरीच फितूर झाला तर काय होते, हे त्यांना विचारलेलेच नव्हते.

वंशाचा प्रश्न : कमल रणदिवे यांचे कार्य

याच टप्प्यावर मुंबईतील एका जुन्या कार्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. त्यांचा विषय होता उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनकर्करोग : एका वंशातील माद्यांना तो वारंवार होतो, दुसऱ्या वंशातील माद्यांना क्वचितच, असे का ? संप्रेरके, अर्बुदकारक विषाणू आणि आनुवंशिक घडण यांच्या परस्परक्रियेत त्यांनी उत्तर शोधले. त्या काळी जनुक वेगळे काढण्याचे साधनच नव्हते.

साधन आल्यावर काय झाले ? पी ५३ ची एक प्रत गमावलेल्या बाल्ब-सी वंशाच्या माद्यांना स्तनकर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो, असे २००० साली प्रसिद्ध झाले. सी ५७ ब्लॅक-६ वंशात तोच बदल असूनही तो विरळा. एकच जनुक, एकच बदल आणि तरीही निराळे भवितव्य. रणदिवे यांचा प्रश्न जनुकयुगाने निकालात काढला नाही. उलट तो अधिक धारदार करून परत केला. १९८२ साली पद्मभूषण मिळालेल्या या संशोधिकेचा उल्लेख भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापक म्हणून पुष्कळ होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यांच्या मूळ प्रश्नाची चर्चा मराठीत फारशी होत नाही, ही उणीव म्हणावी लागेल.

तंबाखू न खाणारा उंदीर

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरी कसोटी मुखकर्करोगाची आहे. तंबाखू चघळण्याच्या सवयीशी निगडित गाल व हिरडी यांच्या कर्करोगाचा जनुकीय आराखडा भारतीय गटाने २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेचा सहभाग होता. प्रारंभी ५० व पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांची अर्बुदे तपासली गेली. पी ५३ अपेक्षेप्रमाणे आढळले. त्यासोबत फॅट-१, कॅस्पेज-८, नॉच-१ आणि यूएसपी-९-एक्स, एरिड-२ यांसारखी जनुकेही आढळली. पी ५३ विरहित उंदीर मुखकर्करोगाने मरत नाही. लसीकापेशींचे अर्बुद त्यास त्याआधीच गाठते. म्हणून केवळ मुखाच्या आवरणातच जनुक निकामी करण्याची क्री-लॉक्स पद्धती वापरावी लागते, किंवा पिण्याच्या पाण्यातून फोर-एनक्यूओ हे रसायन द्यावे लागते. हे रसायन तंबाखूचा पर्याय म्हणून वापरले जाते. पण ते तंबाखू नव्हे. चुना, सुपारी, वर्षानुवर्षे एकाच बाजूच्या गालात धरलेली गोळी आणि त्याच्या जोडीला येणारे कुपोषण यांचे प्रारूप पिंजऱ्यात उभे राहत नाही.

याचा अर्थ असे प्रयोग व्यर्थ आहेत असा होत नाही. रुग्णाच्या अर्बुदात सापडलेल्या अनेक बदलांपैकी कोणता रोगाचा कर्ता आणि कोणता नुसता सहप्रवासी, हे ठरविण्यास जिवंत प्राण्याच्या शरीराशिवाय अद्याप पूर्ण पर्याय नाही. परंतु क्रम महत्त्वाचा आहे. प्रश्न रुग्णाकडून यावा, उंदराने त्याची उलटतपासणी करावी, आणि उत्तर पुन्हा रुग्णाच्या ऊतीवर पडताळले जावे. उंदरात औषध लागू पडले की 'कर्करोगावर उपाय सापडला' असे मथळे देणारी वृत्तपत्रे या तीनपैकी मधली एकच पायरी पाहतात. प्राणिप्रयोगांवर १९९८च्या नियमांन्वये देखरेख असते, प्रत्येक प्राण्याचा वापर समर्थनीय ठरवावा लागतो. त्या समर्थनाचा आधारही हाच असू शकतो की, प्रश्न उंदरास विचारण्याजोगा आहे.

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील प्राणिविच्छेदन थांबविण्याची सूचना दिल्यानंतर सातपुड्यातील विद्यार्थ्यापर्यंत प्रयोगशाळेतील उंदीर पोहोचतो तो बहुधा केवळ छापील ओळीतून. त्या ओळीत पीयूषिकेतील अनपेक्षित अर्बुद, बाल्ब-सी व ब्लॅक-६ यांच्यातील तफावत आणि पी ५३ विरहित उंदराचे निरोगी राहिलेले तोंड, एवढ्या तीन गोष्टींना जागा मिळाली, तर सिकलसेल व मुखकर्करोग यांतील भेद शिक्षकास वेगळा सांगावा लागणार नाही.