तिकीट काढून पाहायचे खेडे

खेडे पाहायला तिकीट काढावे लागते, हे आपल्या आजीला कुणी सांगितले असते तर ती तोंडाला पदर लावून हसली असती. पण स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे लोक १८९१ सालापासून असे तिकीट काढीत आले आहेत. त्या स्थळाचे नाव स्कान्सेन. उघड्या आभाळाखालचे आद्य संग्रहालय म्हणून त्याची ख्याती आहे.

ते आर्टुर हाझेलियस ह्या गृहस्थाने उभारले. १८७२ साली डालार्ना प्रांतात हिंडताना त्याला दिसले की, लोक जुने पोशाख टाकून देत आहेत. प्रथम त्याने कपडे व भांडीकुंडी जमविली. कपाटातल्या वस्तूंनी समाधान होईना, तेव्हा घरेच्या घरे उचलून आणली. ओंडक्यांची घरे ती. सुटी करायची आणि राजधानीतल्या टेकडीवर पुन्हा जुळवायची. आज तेथे दीडशेच्या आसपास इमारती आहेत. जुन्या वेषातली माणसे पाव भाजतात, काच फुंकतात, आल्यागेल्याशी बोलतात.

अशा संग्रहालयाचे परीक्षण कसे करावे? मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला तेही कादंबरीसारखेच वाचावेसे वाटते. कर्त्याने काय घेतले हे जसे पाहावे, तसेच काय गाळले हेही पाहावे. हाझेलियस घरे गोळा करीत होता त्याच काळात स्वीडनची माणसे घरे सोडून चालली होती. १८६७ ते १८६९ ह्या वर्षांत तेथे दुष्काळ पडला. १८५० ते १९३० ह्या अवधीत दहा लाखांहून अधिक लोक परदेशी गेले, बहुतेक अमेरिकेला. घर आणता आले. ते सोडणाऱ्याच्या पोटातली आग आणता आली नाही. सारवलेली चूल आणि हसरी बाई एवढेच पाहून परतणारा म्हणणारच, ‘काय सुखाचे दिवस होते ते!’

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात. त्यांत महाराज असतात, मावळे असतात. दगड वाहणारा गडी नसतो. मुलांना ते शोभते. संग्रहालयाला शोभत नाही.

स्कान्सेनचे श्रेय हे की, त्याने दगड वाहणाऱ्यालाही जागा दिली. तेथे सोडरमानलांड प्रांतातल्या ‘स्टाटारे’ मजुरांची चाळ आहे. स्टाटारे म्हणजे सालगडी. मजुरी बरीचशी धान्य-दुधाच्या रूपात. गड्याबरोबर त्याच्या बायकोनेही मालकाच्या गाईंच्या धारा काढायच्या. आणि ऑक्टोबरअखेर साल संपले की विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. ही पद्धत १९४५ साली बंद झाली. तिच्याविरुद्ध इवार लू-युहान्सन ह्या लेखकाने कथांतून आवाज उठविला. तो स्वतः अशाच मजुराचा मुलगा.

तरीही एक उणीव राहतेच. वेष चढविलेला माणूस संध्याकाळी तो उतरवून आपल्या घरी जातो. सालगड्याला तशी सोय नव्हती. भिंती, भांडी, हातांचे कसब हे संग्रहालय उत्तम दाखवते. पुढच्या साली आपल्याला कोण ठेवून घेईल, ही धास्ती दाखवणे कथेचे काम. म्हणून ह्या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

असे खेडे पाहण्याचा योग आला तर मुलांना आधी सर्वांत लहान घरात न्यावे, आणि चुलीजवळच्या बाईला विचारू द्यावे, ‘उन्हाळा येईतो धान्य पुरत असे का?’ तिला उत्तर देता आले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.