लेबल भिजलेल्या तबकड्या

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या माळ्यावरची कौले सरकली आणि वडिलांच्या रेकॉर्डच्या ट्रंकेत पाणी गेले. लाखेच्या त्या जाड तबकड्या पुसून, वाळवून ठेवता आल्या. पण मधली गोल लेबले सुटली, काही एकमेकींना चिकटली, काहींचा लगदा झाला. कोणती हिराबाई आणि कोणते मास्तर कृष्णराव हे वाजवल्याशिवाय कळेना. मी हळहळत असताना बंगळूरहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, वाईट वाटून घेऊ नका. न्यूयॉर्कात लोक हे मुद्दाम करायचे. रेकॉर्ड पाण्यात भिजवून लेबल काढून टाकायचे.”

मला ती चेष्टा वाटली. भाच्याला रेकॉर्डचा नाद आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पगारातला बराच भाग त्या नादात जातो, यावर आमच्या बहिणीची रोजची कुरकूर असते. पण तो गोळा करतो त्यातले निम्मेअधिक हिप हॉप आणि नाचाचे संगीत. आणि त्याबद्दल माझे मत, खरे सांगायचे तर, न ऐकताच बनलेले होते. त्या दिवाळीत तो पंधरा दिवस राहिला. त्याने ऐकवले, मी ऐकले, आणि आम्ही भांडलो. हा लेख त्या भांडणातून झाला आहे.

भिजवलेल्या लेबलांची गोष्ट खरी आहे. क्लाइव्ह कॅम्पबेल हा जमैकाच्या किंग्स्टनमधून १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आलेला मुलगा. पुढे तो कूल हर्क या नावाने ओळखला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, खालच्या सामायिक खोलीत, एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून माफक तिकीट. रेकॉर्ड वाजवायला भाऊ. हिप हॉपचा जन्म त्या रात्री झाला असे आज म्हटले जाते. जन्मतारखा अशा नेमक्या नसतात, पण सोय म्हणून ठीक आहे.

हर्कच्या ध्यानात आलेली गोष्ट मात्र खऱ्या कानसेनाची होती. गाणे चालू असताना नाचणारे एका जागेची वाट पाहतात: गायक थांबतो, बाकीची वाद्ये गप्प होतात, आणि ढोल, बास एवढेच उरतात. ही जागा फार तर काही सेकंदांची. तिला ते ब्रेक म्हणतात. आपल्याकडे गवई मुखडा धरून ठेवतो आणि तबलजीला मोकळे सोडतो, तेव्हा सभा जशी सावरून बसते, तसेच. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांची जागा पाच मिनिटे चालू लागली. जत्रेतल्या फिरत्या घोड्यांवरून त्याने या युक्तीला मेरी-गो-राउंड असे नाव दिले. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने तीच गोष्ट अचूक केली. ब्रेक कुठे आहे हे कळावे म्हणून तो तबकडीवर मेणखडूने खूण करी. घड्याळाचा काटा पाहावा तशी ती खूण पाहायची आणि हात मागे न्यायचा. यात वाद्य कुठले, असे मी विचारले होते. भाचा म्हणाला, “मामा, तोच हात.”

आता ज्याच्याकडे असा ब्रेक असलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. इन्क्रेडिबल बाँगो बँड या नावाने १९७३ मध्ये निघालेल्या तबकडीत ‘अपाची’ हा तुकडा होता. हर्कचे ते हुकमी अस्त्र. प्रतिस्पर्ध्याने डोकावून नाव वाचले की दुसऱ्या दिवशी तोही दुकानात जाणार. म्हणून लेबल भिजवून काढायचे. जमैकात रस्त्यावर मोठाले कर्णे लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्यांची ही जुनी चाल होती.

हे ऐकताना मला न्यूयॉर्क आठवले नाही, आपली घराणी आठवली. चीज शिकवायची ती पोटच्या मुलाला, फार तर जावयाला. अंतरा गाळून शिकवायचा. अनवट राग गाऊन उठायचे आणि नाव विचारले तर हसून पान लावायचे. अशा गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात, आणि कौतुकाने सांगितल्या जातात. कोल्हापूर दरबारी राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. तबकडी म्हणजे गळ्याची चोरी, असे वाटणारी ती पिढी होती. दुसरीकडे भातखंड्यांनी गावोगाव फिरून चिजा मिळवल्या, नोटेशन केले आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून टाकल्या. लपवणारा आणि वाटणारा, दोघेही आपल्याला हवेसे वाटतात. लपवणाऱ्याने ती वस्तू जपली, वाटणाऱ्याने ती जगवली. माझा भाच्याशी वाद होता तो इथे: त्याच्या संग्राहक मंडळींत जपणे कुठे संपते आणि नुसते मिरवणे कुठे सुरू होते?

त्याने मला इंग्लंडमधल्या विगनची गोष्ट सांगितली, आणि तिने माझीच बाजू भक्कम झाली. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली पोरे साठीच्या दशकातल्या अमेरिकी काळ्या गायकांच्या, तिकडे न खपलेल्या रेकॉर्डवर रात्रभर नाचत. या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. विगन कॅसिनो हा त्यांचा नृत्यक्लब सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झाला, म्हणजे हर्कच्या त्या पार्टीनंतर जेमतेम दीड महिन्याने, आणि १९८१ च्या डिसेंबरपर्यंत चालला. इथेही लेबल झाकत. पण त्यावर वेगळे कागद डकवून खोटे नाव देत. फ्रँक विल्सनचे १९६५ मधले एक गाणे असेच ‘एडी फॉस्टर’ या नावावर वाजत असे. त्या गाण्याच्या मूळ प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्याचे सांगतात, आणि त्यातली एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली.

गाणे मी ऐकले. गाणे उमदे आहे, आवाजात ऐन पंचविशीतली उसळी आहे. पण त्याच कंपनीची, त्याच वर्षांतली, लाखांनी खपलेली गाणी याहून कमी आहेत असे कोणी कानावर हात ठेवून सांगावे. पंचवीस हजार पौंड स्वराचे नव्हेत, टंचाईचे. दुर्मिळ आणि उत्तम हे दोन शब्द संग्राहकाच्या तोंडात एकमेकांत इतके मिसळलेले असतात की पुढे त्याला फरक ऐकूच येत नाही. आपल्याकडचे जुन्या तबकड्यांचे षौकीनही याला अपवाद नाहीत. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ असे नाव छापलेले असे. ती तबकडी मिळाल्याचा आनंद मी समजू शकतो. पण ती बायकोलाही हात लावू न देणारा गृहस्थ मी पाहिला आहे, आणि त्याच्या घरी ती वाजलेली मात्र कधी ऐकली नाही.

भाच्याने यावर डेव्हिड मँकुसोचे नाव काढले, आणि इथे मला थोडे मागे यावे लागले. न्यूयॉर्कमध्ये मँकुसो १९७० पासून आपल्या राहत्या जागेत, निमंत्रितांसाठी, रात्रभर रेकॉर्ड वाजवी. दारूची विक्री नाही. जागेचे नाव लॉफ्ट, म्हणजे माळाच. कॅमेरूनच्या मानू दिबांगोची ‘सोल माकोसा’ ही रेकॉर्ड त्याला ब्रुकलिनमधल्या वेस्ट इंडियन दुकानात सापडली. त्याने वाजवली, लोक वेडे झाले, शहरातल्या होत्या नव्हत्या प्रती संपल्या, आणि शेवटी एका मोठ्या कंपनीला ती अमेरिकेत काढावी लागली. मँकुसोने लेबल झाकले नाही. उलट १९७५ मध्ये त्याने इतरांच्या सोबतीने रेकॉर्ड पूल सुरू केला: कंपन्यांनी नव्या तबकड्या एका ठिकाणी द्यायच्या आणि वाजवणाऱ्या सगळ्यांना त्या सारख्या मिळायच्या. क्रमिक पुस्तकांतलाच हा विचार आहे.

पण वाटण्यातही एक खोट राहते, ती भाच्याला फारशी दिसत नव्हती. १९८६ ते १९९१ या काळात ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या मालेच्या पंचवीस तबकड्या निघाल्या. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले ब्रेक त्यांत खुले झाले, कुणालाही मिळू लागले. पहिल्याच तबकडीत ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाचे १९६९ मधले ‘अमेन, ब्रदर’ होते. त्यात मध्ये ग्रेगरी कोलमन हा ढोलवादक सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. त्या सहा-सात सेकंदांवर हजारो गाणी उभी राहिली. इंग्लंडमध्ये जंगल नावाचा नाचाचा अख्खा प्रकार त्यावर चालला. कोलमनला त्यातून काही मिळाले नाही. तो २००६ मध्ये निराधार अवस्थेत वारला. वाद्यवृंदाचा नायक रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड दिले. लेबल झाकणाऱ्याने नाव चोरले म्हणावे, तर वाटणाऱ्यांनीही वादकाचे नाव विसरू दिले. आपल्या माणसांच्या बाबतीतही हेच झाले होते. लताबाईंनी ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटात गायलेल्या गाण्याचा तुकडा २००२ मध्ये एका अमेरिकी गाण्यात सर्रास वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विकू नका, असे तिथल्या न्यायालयाला सांगावे लागले.

या सगळ्या ऐकण्यात एक रेकॉर्ड अशी निघाली की आम्ही दोघे भांडायचे विसरलो. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वाद्यवृंदांत गिटार, बास, कळफलक वाजवणारे वादक. १९८२ मध्ये एच.एम.व्ही.ने त्यांची ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे, एक ठोक्याचे, एक बासचे, एक सुरांचे, आणि दहा राग: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. कुणी विचारले नाही. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाच्या हाती एक प्रत लागली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि जगभर बोभाटा झाला: शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ संगीताच्या पाच वर्षे आधी तेच यंत्र, तोच आवाज! चरणजित सिंग म्हातारपणी परदेशात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

बोभाट्याचे कारण मला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली नव्हती, चरणजितना शिकागो ठाऊक नव्हते. कोण आधी आला एवढ्यावर मोठेपण ठरवणे ही तबकडीच्या किमतीची भाषा झाली. ऐकावे ते वेगळे. भैरवातला कोमल ऋषभ इथे आंदोलत नाही. ठोक्यावर येतो आणि सरळ उभा राहतो. पहिल्यांदा मी नाक मुरडले. ललतामध्ये दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तिथे हाताने केलेली कुसर संपते आणि यंत्राची घाई कळते. तो राग मला जमलेला वाटत नाही. पण कलावती आणि मालकंस लावले तेव्हा कान बदलला. खालची बासची ओळ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ती मींड नव्हे, पण मींडेची चुलत बहीण आहे. ठोका मात्रेगणिक सारखा, खाली नाही, सम नाही. आमच्या कानाला सम हवी असते, तिच्यासाठी आम्ही मान डोलवायची थांबवून धरतो. इथे प्रत्येक मात्रा समेसारखी पडते, आणि थोड्या वेळाने मन समेची वाट पाहणे सोडून देते. उरतो तो नुसता राग, सतत, पाण्यासारखा वाहणारा. नाचणाऱ्यांना ब्रेकमध्ये काय मिळत असेल ते मला, साठी उलटल्यावर, मालकंसाच्या त्या पाच मिनिटांत थोडेसे कळले. हे श्रेय चरणजितांचे. पण ती धूळभरली तबकडी उचलून, वाजवून, पुन्हा बाजारात आणणाऱ्या त्या डच गृहस्थाचे नाव मी आता नादिष्ट म्हणून घेणार नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री भाच्याने माळ्यावरच्या लेबल गेलेल्या तबकड्या एकेक करून लावल्या. बहुतेक ओळखू आल्या. एक राहिली. बाईचा आवाज, जौनपुरी, तीन मिनिटांत विलंबित-द्रुत सगळे, शेवटची तान इतकी निर्भय की दोघेही गप्प झालो. आवाज हुबळी-धारवाडकडचा की गोव्याकडचा, यावर आमचे पुन्हा एकदा भांडण झाले. अगदी जुन्या काळी गाणे संपताच गायिका आपले नाव सांगत. ही तेवढी जुनी नसावी. “लेबल गेले तरी नंबर जात नाही,” असे म्हणून भाच्याने बॅटरी धरली आणि शेवटच्या वळशाजवळ लाखेत दाबलेले आकडे वहीवर उतरून घेतले. मग ते गाणे फोनवर उतरवून चार ओळखीच्यांना पाठवले, त्यात धारवाडचे एक कानडी मास्तर होते. त्यांचा तासाभरात उलट निरोप आला: बाई कोण ते माहीत नाही, पण पुन्हा एकदा पाठवा, पहिल्या वेळी मुलांनी बडबड केली.