जमातीचं नाव, चित्रकाराचं नाव

गेल्या उन्हाळ्यात चुडाव्यात आमच्या घरी एक लग्नपत्रिका आली. तिच्यावर तारपा नाचाचं वर्तुळ छापलेलं होतं. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं आमचं गाव. डहाणूचे डोंगर इथून पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तरी शेजारच्या मावशी पाहताक्षणी म्हणाल्या, ‘वारली हाय.’ कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

वंचित कलावंतांना बाजारात पुढे आणलं पाहिजे, असं आपण म्हणतो. वारलीच्या बाबतीत पुढे आली ती शैली. चादरीवर, कपावर, भिंतीवर. चित्रकार मागेच राहिला. भास्कर कुलकर्णी मधुबनीनंतर वारली पाड्यांवर गेले, कागद-रंग दिले, आणि त्यांना जिव्या सोमा म्हशे भेटले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांची चित्रं लागली; १९८९ मध्ये ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात पोचली. २०११ मध्ये पद्मश्री. एवढं होऊनही दुकानात मिळते ती ‘वारली फ्रेम’.

फरक समजून घ्यायचा तर म्हशांचं मासेमारीचं जाळं पाहावं. बारीक रेघांनी चित्राचा बहुतेक पृष्ठभाग विणलेला, आणि त्या दाट विणीपुढे माणसं चिमुकली. हात कुठे थांबला, कुठे पुन्हा सुरू झाला, ते रेघेत दिसतं. पत्रिकेवरचे नाचणारे मात्र शिक्का मारल्यासारखे, सगळे एका मापाचे. दोन्हींना आपण एकच नाव देतो, म्हणून दोन्हींची किंमतही एकाच तागडीत तोलली जाते. २००३ साली ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग आणि म्हशे यांचं एकत्र प्रदर्शन झालं, तेव्हा दोघांची नावं शेजारी होती. आपल्याकडे मात्र लाँगसारखा माणूस ‘समकालीन’ आणि म्हशे ‘लोककलाकार’. ही फळी समीक्षकांनीच ठोकली. मीही तीत खिळे मारलेत. न्यू यॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांनी १९६९ मध्ये ‘एल म्युझिओ देल बारिओ’ उभं केलं. आपल्याला कोणत्या खणात ठेवायचं, हे इतरांनी ठरवायचं नसतं, एवढं त्यांना कळलं होतं.

पण म्हशांचं नाव घेऊनही हिशेब पुरा होत नाही. लग्नाचा चौक ‘लिहिण्याचं’ काम सवाष्णींचं. तांदळाच्या पिठानं त्या पालघट देवी मांडतात. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. कागद आला, पैसा आला, तेव्हा जगभर पोचलं ते एका पुरुषाचं नाव. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका पुढच्या सारवणाबरोबर पुसल्या गेल्या. याचा दोष म्हशांकडे जात नाही. ज्याला सही असते त्यालाच बाजार ओळखतो, आणि सही ठेवायला भिंत उपयोगाची नसते. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते जमातीचं आहे, आणि हवंच होतं; पण कुठल्या बाईनं कुठला चौक लिहिला, हे त्यातून कळण्याची सोय नाही.

परवा पत्रिका छापणाऱ्याला विचारलं, चित्र कुणाचं? तो म्हणाला, ‘सर, रेडिमेड डिझाइन हाय. त्याला कुठं नाव असतं?’ पत्रिकेच्या तळाशी त्याच्या प्रेसचं नाव होतं, मोबाइल नंबरासकट.