उलाढाल, गर्दी आणि नफा : मंदीतील दिवाळीच्या बाजारवृत्ताचा भाषिक विचार

दिवाळीच्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणारे बाजारवृत्त हा आता एक स्वतंत्र गद्यप्रकार झाला आहे. त्याची मांडणी, त्याची शब्दसंपत्ती व त्याचा समारोप ही सर्वच ठरून गेलेली असतात. नाशिकपुरते बोलावयाचे तर मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार, भांडी बाजार व सराफ बाजार ही त्यातील स्थळे होत. ‘बाजारपेठ फुलली’, ‘खरेदीला उधाण आले’, ‘ग्राहकांनी मुहूर्त साधला’ ही त्यातील ठरीव वाक्ये होत. आणि ‘कोट्यवधींची उलाढाल’ हे त्याचे भरतवाक्य होय. सुकाळात या लेखनाची चिकित्सा करण्याचे फारसे कारण पडत नाही. मंदीच्या वर्षी मात्र हेच गद्य साक्षीला उभे केले जाते. बाजारात पाय ठेवावयास जागा नव्हती, तेव्हा मंदी कसली, असा युक्तिवाद त्याच्या आधारे होतो. म्हणून हे गद्य नेमके काय सांगते आणि काय सांगावयाचे टाळते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विचारासाठी २०१९ ची दिवाळी हे उदाहरण सोयीचे आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबर रोजी होते. तत्पूर्वीच्या काही महिन्यांत देशातील वाहनउद्योग मंदीत सापडला होता. ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या तुलनेने सुमारे ३२ टक्क्यांनी घटली होती. ज्या कंपनीचा नाशकात मोठा कारखाना आहे, त्या महिंद्र कंपनीने त्याच महिन्यात आपल्या वाहनविभागात आठ ते चौदा दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. सातपूर व अंबड येथील सुट्या भागांच्या लहान कारखान्यांचे जीवित अशा मोठ्या कारखान्यांवर अवलंबून असते. ग्रामीण बाजूस पाहावे, तर २९ सप्टेंबर रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अवकाळी पावसाने द्राक्षबागांना झोडपले. नाशिकच्या पेठेत येणारे गिऱ्हाईक प्रायः या दोन दिशांनी येते, एक कारखान्याकडून व दुसरे शेताकडून. त्या वर्षी या दोन्ही दिशा अडचणीत होत्या.

आता या पार्श्वभूमीवर ‘उलाढाल’ हा शब्द तपासावा. मराठीत या शब्दाला मुळात उलथापालथ, खटपट, प्रसंगी कारस्थान असाही अर्थ आहे. ‘मोठ्या उलाढाली करणारा माणूस’ ही स्तुती असेलच असे नाही. व्यापारी परिभाषेत त्याचा अर्थ एकूण विक्रीची रक्कम एवढाच होतो. त्या रकमेतून दुकानदाराच्या हाती काय उरले, याविषयी तो शब्द मौन पाळतो. परंतु अर्थापेक्षाही त्याची वाक्यरचना अधिक बोलकी आहे. ‘बाजारात उलाढाल झाली’ असे आपण म्हणतो. येथे अधिकरण पुरते. ‘नफा झाला’ म्हटले की मात्र ‘कोणाला?’ हा प्रश्न तत्काळ उभा राहतो, कारण नफा आणि तोटा हे दोन्ही शब्द चतुर्थीची, म्हणजे तो ज्याला झाला त्या माणसाची, अपेक्षा ठेवतात. ‘एखाद्या व्यापाऱ्याची उलाढाल’ असा षष्ठीचा प्रयोग होतो हे खरे. पण बाजारवृत्तात तो क्वचितच आढळतो. ‘गर्दी’ची गोष्ट याहून निराळी नाही. ‘मेन रोडवर गर्दी झाली’ या वाक्याला स्थळ लागते, कर्ता लागत नाही. ‘खरेदी केली’ म्हणावयाचे तर खरेदी करणारा सांगावाच लागतो. सारांश, नफ्याच्या जागी उलाढाल आणि खरेदीच्या जागी गर्दी हे शब्द आले की वाक्यातून माणूस वगळला जातो व स्थळ तेवढे उरते. बाजार फुलतो; त्या बाजारातील दुकानदाराचे काय झाले, हे विचारण्याची जागाच व्याकरणात राहत नाही.

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे, हे साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एखाद्या कापडदुकानदाराने ८० रुपयांस घेतलेला नग १०० रुपयांस विकला, तर शंभर नगांमागे त्याची उलाढाल १०,००० रुपये व ढोबळ नफा २,००० रुपये होतो. मंदीच्या वर्षी गिऱ्हाईक यावे म्हणून त्याने दहा टक्के सूट दिली आणि त्यामुळे शंभराऐवजी दीडशे नग खपले, असे समजू. दुकानात दीडपट गर्दी दिसेल. उलाढाल १३,५०० रुपये, म्हणजे ३५ टक्क्यांनी अधिक भरेल. परंतु नगामागे दहाच रुपये सुटल्यामुळे ढोबळ नफा १,५०० रुपयांवर येईल. तो पूर्वीपेक्षा एक चतुर्थांशाने कमी आहे. पहिल्याइतका नफा मिळवावयाचा तर दोनशे नग खपावे लागतील. शिवाय दुकानाचे भाडे, सणापुरत्या ठेवलेल्या नोकरांचा पगार व उधारीने भरलेल्या मालाचे व्याज यांतून अद्याप वजा जावयाचेच आहे. ‘बाजारात ३५ टक्के अधिक उलाढाल’ हे वृत्त अशा स्थितीत अक्षरशः खरे असेल. आणि त्याच रात्री तो दुकानदार वहीपूजन करताना चिंताग्रस्त असेल, हेही तितकेच खरे असेल.

सराफ बाजारात हा घोटाळा निराळ्या वाटेने होतो. धनत्रयोदशीच्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव २०१८ मध्ये ३२ हजार रुपयांच्या आसपास होता. २०१९ मध्ये तो ३८ हजारांच्या वर गेला होता. दोन्ही वर्षी रुपयांतील उलाढाल समान भरली, असे मानले, तरी दुसऱ्या वर्षी सोने सुमारे एक षष्ठांशाने कमी विकले गेले, असाच त्याचा अर्थ होतो. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत भारतातील सोन्याची मागणी वजनात ३२ टक्क्यांनी उतरली होती. गृहिणी सोने ग्रॅममध्ये मोजते, वृत्त ते रुपयांत मोजते. आणि दागिना घडविणाऱ्या कारागिराची मजुरी प्रायः वजनाशी निगडित असते.

नाशिकहून देशाकडे दृष्टी वळविली, तर ‘विक्री’ हा निःसंदिग्ध वाटणारा शब्दही असाच निसरडा असल्याचे दिसते. २०१९ च्या ऑक्टोबरात प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा पाव टक्क्याहून किंचित अधिक झाली, आणि मंदी हटल्याचा पुरावा म्हणून ती पुढे करण्यात आली. परंतु वाहननिर्मात्यांच्या संघटनेच्या परिभाषेत विक्री म्हणजे कारखान्याने विक्रेत्याकडे केलेली रवानगी. गिऱ्हाइकाने गाडी घरी नेली, असा तिचा अर्थ नव्हे. त्यातच २०१९ मध्ये दसरा व दिवाळी हे दोन्ही सण ऑक्टोबरात आले होते. २०१८ मध्ये दिवाळी नोव्हेंबरात होती. त्यामुळे ही तुलनाच समतोल नव्हती. पुढे नोव्हेंबरअखेर जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा विकासदर प्रसिद्ध झाला, तो ४.५ टक्के, म्हणजे तत्पूर्वीच्या सहा वर्षांतील सर्वांत कमी होता. दिवाळीचे वृत्त तोवर वाचून विस्मृतीत गेले होते.

गर्दीचे नफ्यात रूपांतर करण्याची ही प्रवृत्ती केवळ मराठीची नाही. अमेरिकेत नाताळच्या खरेदीचा आरंभ ज्या ‘ब्लॅक फ्रायडे’ने होतो, त्या नावाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्या दिवशी दुकानदारांच्या वह्या तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येतात, म्हणून हे नाव पडले, असे सर्रास सांगतात. वस्तुतः फिलाडेल्फिया शहरातील पोलीस त्या दिवसाच्या गर्दीला व वाहतुकीच्या खोळंब्याला त्रासून हा शब्द वापरीत. शाईची व्युत्पत्ती त्यानंतर, १९८० च्या दशकात, रूढ झाली. म्हणजे जो शब्द मुळात गर्दीचा होता, त्याला लोकव्युत्पत्तीने नफ्याचा केला. नाशिकचे बाजारवृत्त दर दिवाळीला जे वाक्यात करते, तेच तेथे एका नावात कायमचे घडले.

यावर एक आक्षेप संभवतो. सणाच्या दिवशी शुभ बोलावे हा लोकाचार आहे, आणि बाजाराची भाषा तर पूर्वापार शुभच बोलत आली आहे. दुकान बंद करण्याला मराठी दुकानदार ‘दुकान वाढविणे’ म्हणतो. वहीच्या पहिल्या पानावर तो ‘शुभ लाभ’ लिहितो, ‘नफा’ लिहीत नाही. मग वृत्तपत्राने ‘बाजार फुलला’ म्हटले तर दोष कोणता? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु येथे एक महत्त्वाचा भेद दृष्टिआड होतो. ‘दुकान वाढविले’ हे ऐकणाऱ्याला दुकान बंद झाले हे पक्के ठाऊक असते. बोलणारा व ऐकणारा यांच्यात त्या शब्दाविषयी संकेत असतो, म्हणून तेथे फसगत संभवत नाही. शिवाय ‘लाभ’ लिहिणारा दुकानदार त्याच वहीच्या पुढील पानांवर जमा आणि नावे यांचा रोखठोक हिशेब मांडतो. बाजारवृत्ताला असे पुढचे पान नसते. त्यातील शुभ बोलणे हेच माहिती म्हणून वाचकाच्या पदरात पडते.

याच कारणाने ‘मंदीचे सावट दूर झाले’ हे रूपकही सदोष म्हणावे लागते. सावट आकाशातून येते आणि आपोआप सरते. त्याला ना कारण, ना उत्तरदायी कोणी. २०१९ ची नाशकातील मंदी अशी निराकार नव्हती. काम नसल्याने घरी बसविलेला कंत्राटी कामगार, निर्यात थांबल्याने भाव गमावलेला कांदाउत्पादक आणि सूट देऊनही वर्षाची तोंडमिळवणी करू न शकलेला लहान दुकानदार हे तिचे चेहरे होते. ज्या वाक्यरचनेत चतुर्थीला स्थान नाही, तीत यांपैकी एकही चेहरा मावत नाही.

उद्या कोणी अभ्यासक नाशिकच्या पेठेचा सामाजिक इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा वृत्तपत्रांच्या धारिका हेच त्याचे मुख्य साधन असणार. त्याने प्रत्येक दिवाळीच्या वृत्ताला तीन प्रश्न विचारावेत : विक्री रुपयांत मोजली की नगांत अथवा वजनात, विक्री म्हणजे रवानगी की प्रत्यक्ष खरेदी, आणि नफा झाला असेल तर तो कोणाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अन्यत्र शोधून सापडतील. तिसऱ्याचे उत्तर बहुधा वृत्तात मिळणार नाही, आणि त्यासाठी अभ्यासकाला धारिका मिटून दुकानदारांच्या जुन्या वह्यांकडे वळावे लागेल.