ट्रेहलोज सिद्धान्त : एक चिकित्सक आढावा

जैविक द्रव्ये न गोठवता, सुकवून साठवण्याच्या विचारात ट्रेहलोज या शर्करेला मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यात जॉन क्रो व सहकाऱ्यांच्या १९८४ सालच्या ‘सायन्स’मधील शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे. पाणी निघून गेल्यावर शर्करेचे रेणू पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांशी पाण्याच्या जागी बंध जोडतात व पटल शाबूत राहते, अशी ही मांडणी होय. गुंतागुंतीच्या घटनेचा एका रेणूच्या आधारे उलगडा करणे, हे तिचे सामर्थ्य.

तथापि हेच सामर्थ्य तिची मर्यादाही ठरते. डेलॉइड रोटिफर ट्रेहलोजविना सुकून पुन्हा सचेतन होतात, हे २००३ साली दिसून आले. २०१७ साली टार्डिग्रेडांमध्ये निश्चित घडी नसलेल्या प्रथिनांची भूमिका पुढे आली. शिवाय सस्तन प्राण्यांच्या पेशीपटलातून ट्रेहलोज सहजासहजी आत शिरत नाही. संरक्षण मात्र पटलाच्या दोन्ही बाजूंस आवश्यक असते. त्यामुळे प्रथिने सुकवताना उपयुक्त ठरलेले तत्त्व जिवंत पेशींना जसेच्या तसे लागू पडत नाही.

सारांश, हा सिद्धान्त त्याज्य नाही, अपुरा आहे. लसींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअसच्या शीतसाखळीला पर्याय शोधताना हा भेद नजरेआड करणे परवडणारे नाही.